लग्न जमवणाऱ्या पंचबाई

बाईंनी माझ्या आईला पहिल्याच भेटीत बाद केलं होतं.

आम्ही मायलेकी खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो. परळला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बाईंचं वधूवर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे त्यांचं राहतं घरच. रविवारी सकाळी पलंग भिंतीला उभा केला की केंद्र सुरू. बाईंनी मला विचारलं, "तुला कसा नवरा हवाय?" मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "तिला ना, जरा शांत स्वभावाचा, सरळमार्गी..."

कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात शिट्टी अडकवलेली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

"प्रश्न कुणाला होता?" बाईंनी आईला विचारलं.

"तिला."

"उत्तर कुणी दिलं?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

"बाद. गॅलरीत बसा. अहो, यांना सरबत द्या."

आणि माझी आई, जी फोर्टातल्या तिच्या ऑफिसात साहेबालाही दोन शब्द सुनावून यायची, ती पर्स उचलून मुकाट्यानं गॅलरीत जाऊन बसली. तिथे आधीच दोन वडील आणि एक आत्या बसलेली होती. सगळ्यांच्या हातात कोकम सरबताचे पेले होते.

बाई कबड्डीच्या पंच होत्या. त्याआधी खेळाडू. लालबाग-परळच्या गल्ल्यांमधल्या मैदानांवर त्यांनी उभं तारुण्य काढलं, खेळाडू म्हणूनच त्यांना सरकारी नोकरी लागली, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी हातात शिट्टी घेतली. निवृत्त झाल्या तेव्हा मैदान सुटलं, शिट्टी सुटली नाही. नेसायच्या साधी सुती साडी, पायात मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट. घरातसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कधी पळायला लागेल सांगता येतं का?"

पत्रिकेला त्या हात लावत नसत. "ग्रह आपापल्या जागी बरे आहेत, त्यांना कशाला त्रास," म्हणून परत करायच्या. फोटोवरही त्यांचा भरवसा नव्हता. "फोटोत सगळेच चांगले दिसतात. डोळ्यांदेखत बस निघून गेल्यावर माणूस कसा दिसतो, ते बघायला पाहिजे." मोबाईलवर लग्नं जमायला लागली तेव्हा त्यांना सगळ्यांनी सांगितलं की आता केंद्र बंद करा. बाई म्हणाल्या, "मोबाईलला शिट्टी मारता येते का?"

आईनं मला तिथं का नेलं, ते सांगायला हवं. आईनं पळून जाऊन प्रेमविवाह केला होता. माहेर तुटलं ते कायमचं. आणि मी सहावीत असताना बाबा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले, तेही कायमचे. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आईनं मला एकटीनं वाढवलं. ती रडताना मी फारशी पाहिली नाही. पण माझ्या लग्नाचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य ठरलेलं असे: "प्रेमानं काय होतं ते मी बघितलंय. तुझं मी ठरवून करणार." मी लोअर परळला एका जाहिरात कंपनीत भाषांतराचं काम करायचे. तिशी ओलांडली होती. कुणाच्या प्रेमात पडले नव्हते, कारण पडायची हिंमतच झाली नव्हती.

त्या दिवशी गॅलरीतून परत आत घेतल्यावर आईनं बाईंना सरळ विचारलं, "ठरवून केलेलं लग्नच जास्त सुखाचं होतं ना हो? तुमचा एवढा अनुभव."

"ती नाणेफेक आहे," बाई म्हणाल्या. "कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, तेवढंच त्यात ठरतं. खेळ त्याच्यानंतर. नाणेफेक जिंकून आडवे पडलेले संघ मी ढिगानं पाहिलेत."

आईला ते पटलं नाही.

बाईंचं स्वतःचं लग्न ठरवून झालेलं. ती गोष्ट त्या कुणालाही सांगायच्या, फक्त यजमान स्वयंपाकघरात असले तरच. लालबागच्या चाळीत बघण्याचा कार्यक्रम होता. मुलाकडच्या मोठ्यांनी आधीच बजावलं होतं की लग्नानंतर खेळबिळ बंद. बाईंनी पोह्यांची बशी मुलासमोर ठेवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मी खेळणार. चालेल?" मुलगा गिरणीत कामाला. मितभाषी, मालवणकडचा. तो बशीकडे बघत म्हणाला, "मी बघूक येयन."

आणि तो गेला. प्रत्येक सामन्याला गेला. मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहून नको तेव्हा टाळ्या वाजवायचा, समोरच्या संघाला गुण मिळाला की आनंदानं ओरडायचा. "इतकी वर्षं झाली," बाई म्हणायच्या, "या माणसाला बोनस रेषा कुठली ते अजून कळलेलं नाही."

"आणि प्रेम?" मी एकदा विचारलं होतं.

"झालं ना! पण लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी." संप झाला, गिरणी बंद पडली. यजमान घरी बसले. कुणाशी बोलेनात, जेवेनात. बाई नोकरी आणि खेळ दोन्ही सांभाळून थकून गेलेल्या. एके दिवशी सकाळी सरावाला निघताना त्यांनी पिशवी उघडली, तर गुडघ्याला बांधायच्या फाटलेल्या पट्ट्या धुऊन, बारीक टाके घालून, घडी करून ठेवलेल्या. पलीकडे यजमान चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजत होते. "तेव्हा झालं," बाई म्हणाल्या. "उशीर झाला म्हणून त्या दिवशी मला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. मारल्या. पाय जमिनीला लागत नव्हते."

तेव्हापासून घरचा स्वयंपाक यजमानांकडेच होता, आणि केंद्र निघाल्यावर सरबतही.

माझ्यासाठी बाईंनी माटुंग्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा मुलगा काढला. पहिल्या भेटीत आम्ही फार सभ्यपणे बोललो. तो थोडं बोलायचा, मधेच थांबायचा, मी हसायचे. बाई कंटाळून जांभया देत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि एक कापडी पिशवी आमच्यापुढे टाकली.

"लालबागला मिरची गल्लीत जा. मालवणी मसाल्याचं सगळं सामान आणा. पिशवी एक, पसंती दोघांची. आणि भांडण झाल्याशिवाय परत यायचं नाही."

"भांडण?" मी म्हटलं.

"मग काय! गोड बोलणारी दोन माणसं मला काही सांगत नाहीत."

ही त्यांची नेहमीची पद्धत होती. प्रत्येक जोडीला त्या काहीतरी काम द्यायच्या आणि भांडायला पाठवायच्या. किती तरी पालक याच मुद्द्यावर उठून गेले होते.

आम्हाला ठरवून भांडायची गरज पडली नाही. मिरचीच्या दुसऱ्याच दुकानात ठिणगी पडली. मला रंगासाठी ब्याडगी जास्त हवी होती. त्याचं म्हणणं, रंग काय चाटायचाय, तिखटाची मिरची जास्त घ्या. आजूबाजूला मिरच्या कुटणं चाललेलं, दोघंही शिंकतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि भांडतोय. तो म्हणाला, "आमच्या घरी असाच मसाला होतो." मी म्हटलं, "मग तुमच्या घरीच बसून खा. दुसरीकडून मुलगी आणायचीच कशाला?" त्यावर तो भडकला. आणि भडकल्यावर कळलं की तो मधेमधे का थांबत होता. त्याची जीभ अडखळायची. "तु-तु-तुम्ही..." म्हणून तो जो अडला तो पुढे सरकेना. दुकानदार बघायला लागला. त्याचं अडलेलं वाक्य मला समजलं होतं, मी ते पुरं करू शकले असते. पण का कोण जाणे, मी थांबले. त्यानं ते स्वतः पुरं केलं: "तुम्ही अजून आमच्या घरी आलात कुठे?"

मग मी एका फुटपाथनं आणि तो समोरच्या फुटपाथनं परत आलो. पिशवी त्याच्याकडे होती, खडा मसाला माझ्या पर्समध्ये.

बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवलं. आधी मला विचारलं, "रागाच्या भरात तो काय काय बोलला?"

मी सगळं सांगितलं.

"आणि काय नाही बोलला?"

मला प्रश्न कळला नाही.

"तुझे वडील सोडून गेले, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहितेय. त्यावरून काही?"

"नाही."

"एक शब्द?"

"नाही."

मग त्या त्याच्याकडे वळल्या. "तू अडखळलास तेव्हा ही काय करत होती?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "थां-थांबली होती."

बाईंनी यजमानांना हाक मारली. "अहो, चहा टाका. साखर जास्त घाला."

खरी कसोटी पुढेच होती. बोलणी करायला त्याच्याकडची मंडळी बाईंच्या घरी आली. त्याचे आईवडील साधे, माझ्या कामाची, चाळीची चौकशी करत होते. पण बरोबर त्याचे मामा होते. मामांचा शब्द त्या घरात शेवटचा असे. त्यांनी पोहे संपवले, हात पुसले आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आम्हाला चौकशी करावी लागते. आईनं पळून जाऊन लग्न केलं. ते काही टिकलं नाही. बापाशिवाय वाढलेली मुलगी. असल्या गोष्टी रक्तात असतात. उद्या आमच्या भाच्याला सोडून गेली म्हणजे?"

आईनं माझ्या हातातला आपला हात सोडवून घेतला. ऑफिसात साहेबाला सुनावणारी माझी आई! तिनं मान खाली घातली. उठावं, तिला घेऊन घरी जावं आणि हा विषय कायमचा संपवावा, असं मला वाटलं. मी अर्धवट उठलेही.

शिट्टी वाजली.

"बाद!" बाई म्हणाल्या.

मामांनी आजूबाजूला बघितलं. "कोण?"

"तुम्ही. उठा, गॅलरीत."

"अहो बाई, मी मुलाचा मामा आहे!"

"पंचाला कुणी मामा नसतो. उठा."

मामांनी मेहुण्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघांनी छताकडे बघितलं. बाई त्यांच्यासमोर पांढरे बूट रोवून, हात गॅलरीकडे करून उभ्या होत्या. शेवटी मामा गेले. यजमान सरबत घेऊन त्यांच्यामागे गेले.

"मी आत यायचं कधी?" गॅलरीतून आवाज आला.

"कबड्डीत बाद झालेला गडी आपोआप आत येत नाही," बाईंनी मोठ्यानं सांगितलं. "त्याच्या संघातल्या कुणीतरी गुण मिळवला तर त्याला आत घेतात. तुमच्याकडून कोण मिळवतंय बघू."

तेव्हा तो उठला. चित्रकलेचा मास्तर. चार माणसांत बोलणं त्याला किती जड जातं ते त्याच्या घरच्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्या वतीनं नेहमी कुणीतरी दुसरंच बोलत आलेलं होतं. त्यानं माझ्या आईकडे तोंड केलं. "मा-मा-मला..." तो अडला. त्याची आई सवयीनं म्हणाली, "त्याला म्हणायचंय की..." बाईंनी नुसती शिट्टी ओठांना लावली. त्याच्या आईनं वाक्य तिथंच तोडलं.

तो घामाघूम झाला होता. पण थांबला नाही. एकेक शब्द ओढून काढत होता, आणि आम्ही सगळे त्या शब्दांची वाट बघत होतो.

"मला... सो-सोडून गेलेला माणूस दिसत नाही. रा-राहिलेली बाई दिसते. मुलीला घेऊन... इतकी वर्षं राहिली. हे जर र-रक्तात असेल... तर मला तेच घ-घर हवंय."

एवढंच. पण तेवढं पुरं व्हायला खूप वेळ लागला, आणि तो सगळा वेळ माझ्या आईची मान हळूहळू वर येत होती. शेवटच्या शब्दाला ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. त्याचे वडील खिशातला रुमाल शोधत होते. आपल्या मुलाला एवढं लांब बोलताना त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"गुण!" बाई ओरडल्या, आणि त्यांचा आवाज चक्क चिरकला. "मामांना आत घ्या!"

मामा आत आले ते सरबताचा पेला तसाच हातात धरून. दारातच उभे राहिले. भाच्याकडे बघत म्हणाले, "तू एवढं बोलतोस?" मग आईसमोर येऊन त्यांनी हात जोडले. "ताई, माझं चुकलं." आईनंही हात जोडले. बाई म्हणाल्या, "सामना संपला, आता पेढे," आणि मी आणि तो, मधे एवढी माणसं बसलेली असताना, एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत सुटलो.

आमचं लग्न दादरला झालं. ठरवून झालं. मी सुखी आहे का, असं मला कुणी विचारत नाही, कारण शेजाऱ्यांना आमची भांडणं आणि त्यानंतरचं हसणं दोन्ही ऐकू येतं.

मी माटुंग्याला गेले आणि आई गिरगावात एकटी राहिली. बाईंनी तिला एकटी बसू दिलं नाही. "निवृत्त झालीस ना? रविवारी ये, फोन घे," असा हुकूम सुटला. आई जायला लागली. एके काळी गॅलरीत पाठवलेली माझी आई आता पालकांना हात धरून गॅलरीत नेऊन बसवायची.

तिथं एक काका यायचे. छापखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलासाठी स्थळ बघायला पहिल्यांदा आले. मुलानं आपलं आपणच एका मैत्रिणीशी जमवलं. काका ते सांगायला आले. पुढच्या रविवारी त्याचे पेढे द्यायला आले. त्याच्या पुढच्या रविवारी पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा दुरुस्त करायला आले. मग येतच राहिले. बाईंना वाटायचं, त्यांची आणि आपल्या यजमानांची गट्टी जमलीय. दोघं तासन्‌तास माशांवर बोलायचे.

एका रविवारी दुपारी आई केंद्रातून माझ्याकडे आली. भेंडी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगायचंय. हसायचं नाही."

मी हसले नाही. तिच्या हातातली सुरी बाजूला ठेवून तिला मिठी मारली.

पण ती घाबरली होती. "एकदा माझी निवड चुकली, ती चुकलीच," ती म्हणाली. "पुन्हा चुकली तर? या वयात लोकांना तोंड कसं दाखवू?" मी तिला तशीच उठवून परळला घेऊन गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम उभ्या राहिल्या. "माझ्या घरात? माझ्या डोळ्यांदेखत?"

"माका म्हायत होतां," स्वयंपाकघरातून यजमान म्हणाले.

बाई गर्रकन वळल्या. "तुम्हाला?"

"पंखो तीनदा दुरुस्त केलो त्यांनी. बिघडलेलो नव्हतोच." यजमान चहाची कपबशी घेऊन शांतपणे बाहेर आले. ज्या माणसाला इतक्या वर्षांत बोनस रेषा कळली नव्हती, त्याच्याकडे बाई बघतच राहिल्या. आणि मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना उभ्या पलंगाचा आधार घ्यावा लागला.

हसू ओसरल्यावर त्या आईजवळ बसल्या. "घाबरतेस कशाला गं? तेव्हा पोर होतीस, माणूस बघायला कुणी शिकवलं नव्हतं. आता माझ्याकडे बसून शेकडो माणसं पाहिलीस. तुला कोण फसवणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "भांडण झालंय का तुमचं?"

"झालं," आई म्हणाली. "दादरच्या फुलबाजारात. मी रागानं बसमध्ये बसून एकटीच घरी आले. ते मागच्या बसनं आले. म्हणाले, 'मुद्दा माझाच बरोबर आहे, पण तुम्ही जेवलात का?'"

बाईंनी आईची पाठ थोपटली. पुढे काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी, माझा नवरा आणि बाई. मामा हार घेऊन आले होते. दादरला सगळे जेवलो. नंतर माझ्या नवऱ्यानं टॅक्सी थांबवली, पण आईनं ऐकलं नाही. शिवाजी पार्कला फेरी मारून मग घरी जाऊ म्हणाली, आणि नवीन हिरव्या साडीत भराभर चालायलाच लागली. काका हॉटेलच्या पायरीवर चपला घालत होते. मान वर करून बघतात तर आई गर्दीत पार पुढे.

"सुलभा!" त्यांनी हाक मारली. "अगं सुलभा, थांब की!"

मी चमकले. आमच्या चाळीत ती माझी आई होती, ऑफिसात मॅडम, केंद्रात ताई. बाबा गेल्यापासून तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. आईनं मागे वळून पाहिलं, एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखी हसली, आणि थांबायचं सोडून आणखी जोरात चालायला लागली. काका एका चपलेचा पट्टा तसाच ठेवून तिच्यामागे धावले.

बाई फुटपाथवर कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि मान अशी ताठ होती की जणू आयुष्यातली सगळ्यात मोठी ढाल त्यांनाच मिळालीय.

"बघितलंत का हो?" त्या यजमानांना म्हणाल्या. "मला न विचारता!"